दुपट्याचा इतिहास

मेहकराहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बुलढाणा जिल्ह्यांत, दुसरबीड नांवाचें गांव आहे. काळ्या जमिनीचा हा मुलूख. कापूस, ज्वारी आणि तूर हीं येथलीं जुनीं पिकें. येथून पश्चिमेस सिंदखेड आहे, आणि तेथेंच लखुजी जाधवरावांच्या घराण्यांत इ. स. १५९८ मध्यें जिजाबाईंचा जन्म झाला. जन्माचें स्थळ आणि वर्ष इतिहासानें जपून ठेविलें. परंतु जन्मलेल्या मुलास पहिल्या रात्रीं कशांत गुंडाळतात, तें वस्त्र कोण करतें आणि त्याचें सूत कोठून येतें, या प्रश्नांकडे इतिहासाचें लक्ष क्वचितच जातें. मूल रावाचें असो वा रंकाचें, या जगांत आल्यावर त्याचा पहिला संबंध येतो तो माणसाच्या हाताशीं आणि दुसरा कापडाशीं. तेव्हां हा कापडाचा इतिहास क्षुल्लक मानण्याचें कारण नाहीं. शेती, व्यापार, स्त्रीशिक्षण आणि स्त्रियांची मजुरी या चारही गोष्टींचे धागे त्यांत गुंतलेले आहेत.

नवजात मुलास कोरें कापड न घालण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र होती. आजीच्या जुन्या लुगड्याचा किंवा आजोबांच्या विरलेल्या धोतराचा तुकडा त्यासाठीं काढून ठेवीत. या चालीस पुढें शुभाशुभाचा अर्थ चिकटला. परंतु तिच्या मुळाशीं साधा व्यवहार आहे. कोऱ्या सुती कापडास खळ असते, आणि खळीनें कापड ताठ होतें. तेंच कापड वर्षानुवर्षें नदीच्या दगडावर आपटून धुतलें म्हणजे त्याचा ताठा जातो, तंतु मोकळे होतात आणि त्यास असा मऊपणा येतो कीं तो कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. असें कापड दुहेरी घेऊन कडेनें शिवलें कीं तें झालें दुपटें. दोन पदरांचें म्हणून दुपटें. नांवांतच त्याची कृति सांगितलेली आहे.

दुपट्याची थोरली बहीण गोधडी. तिलाच कोठें वाकळ म्हणतात. जुनीं लुगडीं एकावर एक पसरावयाचीं, मध्यें चिंध्यांचा थर द्यावयाचा, आणि बाहेरच्या कडेपासून धांवदोरा घालीत चौकोनांत चौकोन करीत मध्याकडे जावयाचें. टाक्यांच्या ओळींत कापड किंचित् दबतें आणि दोन ओळींच्या मध्यें तें फुगून वर येतें. गोधडीवरून हात फिरविला असतां बोटांना ज्या बारीक लाटा लागतात त्या अशा तयार होतात, आणि त्या लाटांत हवा कोंडून राहते म्हणून गोधडी उबदार होते. लुगड्यांचे कांठ टाकून देण्याची तर सोयच नव्हती. ते लांब पट्टे गोधडीच्या पाठीवर ओळीनें बसवीत. अशा रीतीनें पट्ट्यांचें आणि उठावाचें पांघरूण या देशांतील स्त्रियांना फार पूर्वींपासून परिचित होतें. नमुन्याचें पुस्तक नव्हतें, नमुना मात्र होता.

लोकरीचें पांघरूण म्हणजे घोंगडें. दख्खनी मेंढीची काळी, करडी, पांढरी लोकर कातरून धनगरांच्या बायका ती चातीवर कांतीत. विणकर तिचें घोंगडें विणीत आणि चिंचोक्याची खळ देऊन तें घट्ट करीत. काळ्या अंगावर पांढऱ्या लोकरीचे पट्टे हाच त्याचा अलंकार, आणि त्यास रंग लावावा लागत नसे. मेंढीच तो देत असे. रानांत पाऊस अंगावर घेणाऱ्या मेंढपाळास घोंगड्यासारखा सोबती नाहीं. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, आणि तान्ह्या मुलाच्या त्वचेस ती बोंचते. म्हणून घोंगडें घराच्या ओसरीपर्यंत आलें, पाळण्यापर्यंत पोंचलें नाहीं. मऊ लोकर या देशाच्या पाळण्यांत आली ती समुद्रावरून, आणि तिच्याबरोबर एक आंकडीची सुईहि आली.

या सुईस मराठींत क्रोशाची सुई म्हणतात. क्रोशा हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहान आंकडा इतकाच आहे. हें विणकाम अतिप्राचीन असल्याच्या कथा पुष्कळ सांगण्यांत येतात. परंतु पुराव्याकडे पाहतां तें दोनशें वर्षांहून फारसें जुनें ठरत नाहीं. दोन सुयांचें विणकाम मात्र बरेंच पुरातन. मध्ययुगांतील विणलेले मोजे ईजिप्तच्या कोरड्या वाळूंत सांपडलेले आहेत. क्रोशाचा तसा जुना अवशेष मिळत नाहीं. हॉलंडांतील 'पेनेलोपे' नांवाच्या स्त्रियांच्या मासिकांत १८२० नंतरच्या दशकांत त्याचे नमुने छापलेले दिसतात, आणि तेथून पुढें त्याचा लिखित इतिहास सुरू होतो.

त्यापूर्वींचा धागा कोठें जातो याविषयीं कांहीं अभ्यासकांचें एक मत मोठें मनोरंजक आहे. अठराव्या शतकांत युरोपांत एका भरतकामाची लाट आली. ढोलासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून आंकडीच्या सुईनें त्यावर साखळीचा टाका घालावयाचा, असें तें काम होतें. ही विद्या युरोपास पूर्वेकडून मिळाली. कच्छांतील मोची कारागीर चामड्यावर आणि रेशमावर जें आरीकाम करीत, तें याच जातीचें. पुढें कोणा चतुर हातांनीं खालचें कापड काढून टाकलें आणि नुसती साखळी हवेंत विणली; तोच क्रोशा, असें या मताचें सार आहे. हें मत खरें धरलें, तर परदेशी म्हणून आलेल्या या सुईचें आजोळ हिंदुस्थानांत निघतें.

या विणकामाचा प्रसार मात्र हौसेनें झाला नाहीं, तर भुकेनें झाला. इ. स. १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि चार-पांच वर्षें भयंकर दुष्काळ माजला. लक्षावधि माणसें मेलीं. लक्षावधि देश सोडून गेलीं. अशा वेळीं मठांतील जोगिणींनीं आणि कांहीं सुखवस्तु स्त्रियांनीं खेड्यांतील मुलींना क्रोशाची जाळी विणावयास शिकविलें. तिला ना माग लागे, ना जागा. एक सुई आणि एक दोऱ्याचा गुंडा एवढेंच भांडवल. झोंपडींत बसून विणलेली जाळी लंडनच्या आणि पॅरिसच्या बाजारांत विकली जाई, आणि त्या पैशावर कुटुंबें तगलीं. याच सुमारास एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईनें नमुन्यांचीं पुस्तकें छापून हें काम इंग्लंडच्या दिवाणखान्यांत नेलें. पुढें बोअर युद्धाच्या वेळीं वृद्ध व्हिक्टोरिया राणीनेंहि सैनिकांसाठीं क्रोशाचे गळपट्टे विणले. एकच टाका, पण झोंपडींत तो पोटासाठीं आणि राजवाड्यांत तो विरंगुळ्यासाठीं. ही दुहेरी ओळख क्रोशास कायमची चिकटली, आणि तिचे परिणाम पुढें हिंदुस्थानांतहि दिसून आले.

आतां पुन्हां वऱ्हाडाकडे वळावयास हवें. इ. स. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिलें. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस मँचेस्टरला जाणें थांबलें, आणि गिरण्यांच्या मालकांचें लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळलें. आगगाडी वऱ्हाडांत शिरली, इ. स. १८७० मध्यें खामगांवच्या कापसाच्या बाजारापर्यंत रुळांची शाखा गेली. बुलढाणा जिल्ह्याचा कापूस गठ्ठे बांधून मुंबईस आणि तेथून विलायतेस जाऊं लागला. इ. स. १८७७ च्या आरंभीं जमशेटजी टाटांनीं नागपुरास एंप्रेस मिल सुरू केली. या सर्वांचा एक परिणाम असा कीं, घरोघरची हातकताई मंदावली आणि मेहकरसारख्या ठिकाणच्या विणकरांचें उत्तम धोतर गिरणीच्या स्वस्त धोतरापुढें मागें पडलें. क्रोशाच्या बारीक जाळीस लागणारा पिळदार दोरा तर स्कॉटलंडांतील पेस्लीच्या किंवा मुलूझ शहरांतील कारखान्यांतून गुंड्या होऊन येई. ज्या भागांत कापूस पिके, त्याच भागांतील स्त्रीला कापसाचा दोरा सातासमुद्रांपलीकडून आलेला विकत घ्यावा लागे.

महाराष्ट्रांत ही सुई आली ती मुलींच्या शाळांबरोबर. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरर या बाई इ. स. १८२७ मध्यें मुंबईस आल्या आणि पुढें नगर येथें त्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. मिशनच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवण-टिपणाचा तास असे. हा तास बहुधा पालकांच्या मनाची समजूत घालण्यासच उपयोगी पडे. मुलगी पुस्तक वाचते याची भीति वाटणाऱ्या बापाला ती सुई धरते याचें समाधान वाटे. परंतु हीच सुई पुढें दुसऱ्या बाजूनें उभी करण्यांत आली. न्यायमूर्ति रानडे, वामन आबाजी मोडक आणि भांडारकर यांच्या पुढाकारानें इ. स. १८८४ मध्यें पुण्यास हुजुरपागेची शाळा निघाली, तेव्हां मुलींना इंग्रजी आणि गणित कशास, त्यांस स्वयंपाक व शिवणकाम पुरे, असा पक्ष वर्तमानपत्रांतून हिरिरीनें मांडला गेला. सुई ही विद्येची सोबतीण आहे कीं विद्येस पर्याय आहे, असा तो वाद होता.

त्या वादाचें उत्तर लेखांतून मिळालें नाहीं; तें संस्थांच्या कामांतून मिळालें. इ. स. १८८९ मध्यें पंडिता रमाबाईंनीं शारदासदन काढलें, इ. स. १८९६ मध्यें अण्णासाहेब कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, आणि इ. स. १९०९ मध्यें पुण्यास रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नानें सेवासदन उभें राहिलें. या ठिकाणीं येणाऱ्या अनेक स्त्रियांना घरीं कोणी विचारणारें नव्हतें. त्यांच्या हातीं सुई दिली ती पुस्तकाच्या ऐवजीं नव्हे, पुस्तकाबरोबर. शिवणकामाच्या वर्गांतून बाहेर पडलेली स्त्री शिक्षिका होई किंवा घरबसल्या काम करून चार पैसे मिळवी. आणि चार पैसे मिळविणारी विधवा कुटुंबांत उठतां बसतां बोल खाणारी राहत नसे.

विदर्भांत या गोष्टीला आणखी एक जोड मिळाली. इ. स. १९२१ मध्यें कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनीं नागपुरास मातृसेवासंघ सुरू केला. अंधाऱ्या, कोंदट खोलींत, जुन्यापान्या चिंध्यांवर होणारीं बाळंतपणें स्वच्छ खोलींत आणि शिकलेल्या परिचारिकेच्या हातीं यावींत, हा त्या संस्थेचा हेतु. येथें जुन्या कापडाच्या चालीचा दुसरा अर्थ लक्षांत आला. मऊ कापड हितकारक; परंतु मळलेलें कापड घातक. धुऊन, उकळून, उन्हांत वाळविलेलें असेल तरच तें बाळाजवळ न्यावें, ही शिकवण प्रसूतिगृहांनीं घरोघर पोंचविली. इ. स. १९३० मध्यें किर्लोस्करांचें 'स्त्री' मासिक निघालें, आणि त्यानंतरच्या काळांत शहरांतील सुशिक्षित घरांत बाळंतविडा विणणें ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. टोपडें, झबलें, मोजे आणि दुपटें लोकरीचें होऊं लागलें. हळूहळू ही विद्या रेल्वेच्या आणि मोटारीच्या रस्त्यांनीं तालुक्याच्या गांवीं, शाळामास्तरांच्या आणि कारकुनांच्या घरीं जाऊन पोंचली.

परकी विद्या आपलीशी झाली हें ओळखण्याची एक खूण असते: ती आपल्या भाषेंत बोलूं लागते. मराठी स्त्रियांनीं क्रोशाच्या टाक्यांना जीं नांवें दिलीं तीं पाहण्यासारखीं आहेत. पहिल्या टाक्याचें नांव साखळी, दाराच्या कडीची. उंच टाक्याचें नांव खांब, माजघराचा. आखूड, दबलेल्या टाक्याचें नांव मुका खांब. फ्रेंच आंकड्यानें विणावयाचें, आणि उभें करावयाचें तें आपलें घर!

साध्या, उठावदार, पट्ट्यांच्या दुपट्याची कृति याच दोन खांबांवर उभी आहे. सम संख्येची साखळी घालावी. पहिल्या ओळींत एक मुका खांब, एक खांब, पुन्हां मुका, पुन्हां खांब, असें शेवटपर्यंत जावें. काम उलटून एक साखळी घ्यावी. आणि पुढच्या ओळींत खालीं खांब असेल तेथें मुका खांब, व खालीं मुका असेल तेथें खांब घालावा. संख्या सम असल्यामुळें प्रत्येक ओळ मुक्या खांबानें सुरू होते व उंच खांबानें संपते. मोजत बसावें लागत नाहीं. उंच आणि आखूड टाके एकमेकांच्या डोक्यावर आळीपाळीनें आल्यानें कापडावर दाण्यांसारखा उठाव येतो. जाळी मात्र पडत नाहीं, आणि हें महत्त्वाचें आहे, कारण मोठ्या भोंकांच्या जाळींत बाळाचीं बोटें अडकतात.

पट्टे सम ओळींचे ठेवावे, म्हणजे रंग नेहमीं एकाच कडेला बदलतो आणि सर्व टोकें एकाच बाजूस लपवितां येतात. नवा रंग आदल्या ओळीच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा फांस ओढतांना घ्यावा. पुढच्या ओळींत घेतल्यास जुन्या रंगाचा ठिपका तेथें उरतो. तीस इंच रुंद व छत्तीस इंच लांब दुपट्यास, इंचास चार टाके व तीन ओळी धरल्या, तर १२० टाक्यांच्या १०८ ओळी होतात. सहा-सहा ओळींचा एक पट्टा घेतला तर पट्टे १८. दोन रंगांस प्रत्येकीं नऊ. एकंदर टाके १२,९६०. सरावाच्या हातानें मिनिटास १५ टाके पडतात असें मानलें, तरी चौदा तासांहून अधिक काम झालें.

हे चौदा तास सलग कोणासच मिळत नाहींत, आणि येथें क्रोशाचा खरा गुण दिसतो. दोन सुयांच्या विणकामांत ओळींतील सर्व फांसे एकाच वेळीं उघडे असतात. सुई निसटली तर ओळच्या ओळ हातची जाते. क्रोशांत उघडा फांस एकच असतो. चुलीवर दूध आलें, मूल रडलें, दारांत कोणी आलें, तर काम तेथेंच टाकून उठतां येतें. फार तर दोन टाके उसवतात. ज्या माणसाचा वेळ दुसऱ्यांच्या हांकेवर बांधलेला आहे, त्याच्यासाठींच जणूं हें विणकाम निर्माण झालें आहे. म्हणूनच तें स्त्रियांच्या हातीं टिकलें, आणि म्हणूनच त्या वेळाचा हिशेब कोणी ठेविला नाहीं.

हा हिशेब न ठेवण्याचें फळ आंध्रांतील नरसापूर येथें पाहावयास मिळतें. गोदावरीच्या मुखाजवळच्या या भागांत एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं क्रोशाची जाळी शिकविली. पुढें ती परदेशीं जाऊं लागली व हजारों स्त्रिया घरीं बसून ती विणूं लागल्या. मारिया मीस या जर्मन विदुषीचें या स्त्रियांवरील पुस्तक इ. स. १९८२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत तिनें दाखविलें कीं, दिवसाचे अनेक तास विणूनहि या बायकांच्या पदरांत अत्यल्प मजुरी पडते. कारण त्या कामगार नव्हेत, फावल्या वेळीं हौसेनें विणणाऱ्या गृहिणी आहेत, असें सर्वांनीं धरलेलें असतें. व्यापारी तसें म्हणत, घरचे पुरुष तसें म्हणत, आणि कित्येक वेळां त्या स्वतःहि तसेंच म्हणत. राजवाड्यांतला विरंगुळा झोंपडीच्या मजुरीवर कसा पांघरूण घालतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाहीं.

यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मोजे, बनियन, लोकरीचे सदरे हें सर्व यंत्रावर विणलें जातें; परंतु खऱ्या क्रोशाचें काम बाजारासाठीं यंत्रावर होत नाहीं. बाजारांत क्रोशाचें दुपटें नाममात्र किंमतीस मिळालें, तर तें कोणत्या तरी हातांनींच विणलेलें असतें, आणि तो स्वस्तपणा त्या हातांच्या मजुरींतून काढलेला असतो. घरीं विणणाऱ्या स्त्रीला हें चटकन् कळतें, कारण तिनें ते टाके स्वतः घातलेले असतात.

धाग्याची निवड हीहि अनुभवाची बाब आहे. इ. स. १९५० च्या सुमारास खनिज तेलापासून केलेली कृत्रिम लोकर बाजारांत आली, आणि स्वस्त, रंगीत व कसर न लागणारी म्हणून ती खऱ्या लोकरीच्या जागीं बसली. परंतु ती घाम शोषीत नाहीं आणि विस्तवाजवळ वितळते. वऱ्हाडचा उन्हाळा पाहतां दुसरबीडच्या पाळण्यास पौष-माघ सोडल्यास सुती दोराच योग्य. शिवाय अलीकडचे वैद्य असें सांगतात कीं, पहिल्या वर्षांत झोंपलेल्या मुलाजवळ सैल पांघरूण ठेवूं नये. तें तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचें भय असतें. दुपट्याची जागा म्हणून मांडीवर, कडेवर आणि जागत्या डोळ्यांसमोर.

अशा रीतीनें हें साधें वस्त्र फिरून मूळच्याच ठिकाणीं येतें. वऱ्हाडच्या मातींतला कापूस, आंकडीच्या सुईचा परदेशी प्रवास, पट्टे घोंगड्याचे, उठाव गोधडीचा, आणि खांब मराठी घराचा. मूल वर्ष-दीड वर्षांत तें टाकून देतें. धुऊन धुऊन मऊ झालेलें तें दुपटें पेटींत जातें आणि घरांत पुढचें मूल आलें कीं बाहेर निघतें. त्यावर विणणारीचें नांव नसतें. परंतु बारा हजार नऊशें साठ टाके हेहि कोणाच्या तरी आयुष्याचे चौदा तास आहेत, एवढी नोंद इतिहासानें अवश्य ठेवावी.